अडीच टाळ्या

‘हनुवटी इथे टेका, कपाळ वरच्या पट्टीला लावा, आता दिव्याकडे बघा,’ हे चष्मेवाला दिवसभरात इतक्यांदा म्हणायचा की तोंड आपोआप चालायचं आणि डोक्यात खुशाल एखादा सॅक्सोफोन वाजत असायचा. त्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीआधीचं शेवटचं गिऱ्हाईक म्हणजे एक हडकुळा म्हातारा, कोटाची बटणं वरखाली लावलेला. त्याने सांगितल्याबरोबर मुकाट्याने हनुवटी टेकली, चष्मेवाल्याने यंत्राच्या अलीकडून डोळा लावला आणि लगेच काढून नुसत्या डोळ्यांनी बघितलं. ही हनुवटी ओळखीची होती. नुसती ओळखीची नाही, घरी सोफ्याच्या वर फ्रेम करून टांगलेली होती! रेकॉर्डच्या कव्हरवरचा तो फोटो, पट्ट्यांवर इतका वाकलेला पियानोवाला की बघणाऱ्याला वाटावं, हा बोटांनी नाही, हनुवटीनेच वाजवतोय. मधोमध खाच, खाचेच्या डावीकडे तीळ. खाच होती. तीळही होता, फक्त आता त्यातून एक पांढरा केस उगवला होता. अंधाऱ्या खोलीत, वीतभर अंतरावर, कंजूस बसला होता आणि डोळ्यांतून पाणी गाळत होता.

कंजूस हे नाव चष्मेवाल्यानेच ठेवलेलं, आणि शिवी म्हणून नाही, मुजरा म्हणून. जिथे बाकीचे पियानोवाले पिशवी उलटी केल्यासारखे स्वर ओततात तिथे हा दोन द्यायचा, आणि तेही असे की परत मागून घेईल की काय वाटावं. चष्मेवाल्याची मतं हा तर एक वेगळाच आजार होता, घरातल्यांना आणि मित्रांना लागलेला. त्याच्या लेखी शहरात क्लब झाला तो एकच, छापखान्याखालचं तळघर, आणि तो बंद पडून जमाना लोटला. बाकीचे नुसते गुत्ते, ज्यांच्यात कुणीतरी पियानो विसरून गेलंय. नदीकाठचा काचेचा क्लब? तिथे लोक स्वतःचं प्रतिबिंब बघायला जातात, वाजवणारा मध्ये येतो म्हणून चिडतात. मोठ्या हॉटेलातला? तिथला ड्रमवाला ग्लासातल्या बर्फाला साथ करतो. तळघरात कसं, छत इतकं खाली की बासच्या घुमाऱ्याला वर जायला जागाच नाही, तो येऊन तुमच्या गुडघ्यात बसायचा, आणि भिंतींना शाईचा वास, आणि खुर्च्या अशा की ऐकायला आलेलाच टिकेल. स्टुडिओतली रेकॉर्डिंगं म्हणजे त्याच्या मते दवाखान्यातली बाळं, सगळी धुतलेली, सगळी सारखी. सगळं शहर ज्याच्यावर जीव टाकायचं त्या सॅक्सोफोनवाल्याबद्दल तो म्हणायचा, ‘रडतो छान, पण रुमाल घरूनच इस्त्री करून आणतो.’ गाणाऱ्या बाया त्याला खपायच्या नाहीत. एकच खपली होती, जिचा घसा बसला होता. पुढे तिचा घसा बरा झाला आणि याने तिला टाकली.

रविवारी दुपारी मास्तर आणि वकील यायचे. मास्तर शाळेत गणित शिकवायचे, वकील कोर्टात भांडायचा, आणि दोघंही या घरात शिरले की पहिलीतली पोरं व्हायची. एकदा मास्तरांनी मोठ्या हौसेने एक रेकॉर्ड आणली, दुकानं पालथी घालून मिळवलेली. चष्मेवाल्याने डोळे मिटून थोडी ऐकली, सुई उचलली आणि म्हणाला, ‘मास्तर, ही वर्गात लावा. पोरं सुटका म्हणून तरी अभ्यासाला लागतील.’ वकील लोळेपर्यंत हसला. मास्तरही हसले, आणि जाताना ती रेकॉर्ड सोफ्यामागे विसरून गेले, मुद्दाम. चष्मेवाल्याला ती नंतर सापडली तेव्हा त्याला वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, चला, माणूस सुधारतोय.

आणि हे सगळं झालं की शेवटी कंजुसाची ती रेकॉर्ड. ती शेवटीच लावायची, तिच्यानंतर दुसरं काही लावायचं नाही, हा त्या घरचा कायदा. तळघरातलंच रेकॉर्डिंग, एका शनिवारी दुपारी केलेलं, कारण रात्री वर छपाईची यंत्रं धडधडायची. दुसऱ्या बाजूला एक संथ चीज आहे. बास आणि ड्रम बाजूला होतात, पियानो एकटा चालू लागतो, चालता चालता एका वळणाशी येतो आणि थांबतो. थांबतो म्हणजे अगदी थांबतो. कुठेतरी खुर्ची करकरते. आणि चष्मेवाला सोफ्याच्या काठावर पुढे सरकून, बोट वर करून म्हणायचा, ‘ऐका! अशी शांतता जगात दुसऱ्या कुणाला वाजवता आली नाही. हा माणूस न वाजवता वाजवतोय!’ मग ते व्हायचं. त्या शांततेच्या बरोबर मध्यात एक टाळी. टप. मग दुसरी, टप. आणि तिसरी, पण तिसरी पुरती नाही, अर्धीच, कुणीतरी तोंड दाबल्यासारखी. ‘आणि या आमच्या बाईसाहेब!’ असं म्हणून चष्मेवाला स्वयंपाकघराच्या दाराकडे हात करायचा. तिथे बायको कॉफीचा ट्रे घेऊन उभी असायची, आणि सगळ्यांच्या आधी तीच हसायची. ‘राजाच्या मयतीत शिंकली,’ चष्मेवाला म्हणायचा. विनोद तोच, शब्दही तेच, आणि वकील दर वेळी नव्याने मांडी थोपटायचा, ‘वहिनी, तुम्ही अजरामर झालात हो!’ मग पियानो पुन्हा यायचा, दोन सरळ स्वर आणि तिसरा मध्येच तोडलेला, आणि चष्मेवाला एकदम गंभीर व्हायचा. ‘हा तिसरा. असा स्वर तोडून टाकायला जिगर लागते. दुसरा कुणी असता तर पुरा केला असता.’ यावर तो कॉफी गार होईपर्यंत बोलू शकायचा.

त्या शनिवारी त्यांचं नुकतं ठरलं होतं, लग्न व्हायचं होतं. ती जॅझबिझ काही ऐकून आलेली नव्हती. बसायला खांबामागची जागा मिळाली, तिने हिरवा स्वेटर घातला होता आणि सगळ्या वेळ ती त्याच्याकडे बघून ठरवत होती की आता मान हलवायची का नाही. हे त्याला तेव्हा फार गोड वाटलं होतं. पियानो थांबला तेव्हा तिला वाटलं, संपलं. आणि तिला खरंच आवडलं होतं, म्हणून तिने कुणाकडे न बघता टाळी दिली, दुसरी दिली, आणि तिसरीच्या आत त्याने तिचं मनगट पकडलं. नुसतं धरलं नाही, पकडलं, घट्ट. बाजूचा एक दाढीवाला वळून बघत होता, आणि त्या दाढीवाल्याच्या नजरेत आपण काय झालो असू या विचाराने त्याचे कान तापले होते. ती पुढचा सगळा कार्यक्रम हात मांडीवर घेऊन बसली. त्यानंतर ती टाळीच वाजवेनाशी झाली. कुठेच नाही. पोरगी शाळेच्या नाटकात झाड झाली होती, चांगली एक ओळ होती तिला, पडदा पडल्यावर सगळे आईबाप हात लाल करून घेत होते आणि ही आजूबाजूला बघत होती, आधी बाकीच्यांचं नक्की होऊ दे म्हणून, आणि तेवढ्यात टाळ्या संपल्या. घरी येताना पोरगी म्हणाली, ‘आईला माझं झाड आवडलं नाही.’ चष्मेवाल्याला त्यावर केवढं हसू आलं होतं! त्याने तेही पुढच्या रविवारी सांगितलं. पोरगी आता लांब, नोकरीच्या गावी असते, फोनवर बापाशीच बोलते.

‘ही काच बरी की ही?’ त्या अंधाऱ्या खोलीत त्याने म्हाताऱ्याला विचारलं.

‘दुसरी. नाही, थांबा, पहिली,’ म्हातारा म्हणाला. ‘तुम्हीच ठरवा नं. मला दोन्हीकडे धुकंच दिसतंय.’

मोतीबिंदू पिकला होता, ऑपरेशनशिवाय काही होणार नव्हतं. हे सांगायचं सोडून चष्मेवाला म्हणाला, ‘तुम्ही तळघरात वाजवायचात.’

‘अरे वा! म्हणजे अजून कुणीतरी जिवंत आहे म्हणायचं.’

झालं, धरण फुटलं. दिवा लावायचंही भान नाही, अंधारातच चष्मेवाला बोलत सुटला, रेकॉर्ड, दुसरी बाजू, ती चाल, ते वळण, आणि ती शांतता, ती शांतता जिने त्याचं आयुष्य घडवलं, हो, घडवलंच, तो त्याच शब्दात म्हणाला. म्हातारा हनुवटी अजून यंत्रावरच ठेवून ऐकत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता.

‘ती होय! अहो, शांतता कसली, मी विसरलो होतो!’

‘काय?’

‘पुढचं विसरलो. पाटी कोरी. जिन्याची अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावीच, तसं झालं. रेकॉर्डिंगवाले बसलेत, बासवाला डोळे वटारतोय, आणि मी नजरेने कोट शोधतोय, म्हटलं उठावं आणि सरळ घरी जावं. खरंच निघालो असतो. तेवढ्यात कुणीतरी टाळी दिली. टप, टप, आणि तिसरी मध्येच गेली. म्हटलं, आपल्याकडे काही नाही नं, मग हिचंच घेऊ. तेच वाजवलं मी. तिथून मग गाडी लागली रस्त्याला.’

‘हिचं म्हणजे?’ चष्मेवाल्याने विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं.

‘बाई होती कुणीतरी. खांबामागे हिरवा स्वेटर दिसला तेवढाच. नंतर बघितलं तर गर्दीत गेली. फार वाटायचं, सांगावं तिला. आता तर डोळेही चालले.’ म्हाताऱ्याने हनुवटी उचलली. ‘तुम्ही असायचात नं तिथे? माहितीये का, कोण ती?’

‘असेल कुणीतरी,’ चष्मेवाला म्हणाला.

संध्याकाळी बायको बाहेर गेल्याबरोबर त्याने कानाला हेडफोन लावले आणि ती रेकॉर्ड लावली. टप, टप, अर्धी. दोन स्वर, तिसरा तोडलेला. सुई मागे घेतली. टप, टप, अर्धी. दोन स्वर, तोडलेला. तीच लय, तेच अंतर, अगदी साच्यातून काढल्यासारखं. शेंबड्या पोराला कळलं असतं! एवढी वर्षं दर रविवारी तो या दोन गोष्टींच्या मध्ये उभा राहून एकीवर हसत होता आणि दुसरीपुढे डोकं टेकत होता. बरं, बायकोचं काय होईल हे त्याच्या मनात पहिलं आलंच नाही. पहिलं आलं ते मास्तरांचं तोंड. मास्तर काही बोलणार नाहीत, नुसते सोफ्यामागे बघतील. मग वकील. आणि मग ती. ती ट्रे घेऊन दारात उभी राहील आणि हसणार नाही. तिला कळेल की ती आत आहे, त्या वळणाच्या आत, कंजुसाच्या बोटांखाली, आणि आपण बाहेर, दाढीवाल्याच्या शेजारी, नुसतं मनगट धरून. मग त्याला वाटलं, पण तिसरी तर आपण तोडली! तो तोडलेला स्वर म्हणजे आपला हात आहे! आणि या विचाराने त्याला इतकं बरं वाटलं की बायको परत आली तेव्हा तो हसत होता.

आता शहाणा माणूस असता तर त्याने म्हाताऱ्याला परत कधी बघितलं नसतं. पण कंजूस आपल्या खोलीत बसून गेला आणि हे कुणालाच दिसलं नाही, हे त्याला झेपेना. त्याने फोन केला आणि म्हाताऱ्याला रविवारी घरी बोलावलं. मास्तर आणि वकिलाला सांगितलं, या, देव दाखवतो. आणि बायकोला म्हणाला, ‘रविवारी तू ताईकडे जाऊन ये नं. किती दिवसांत गेली नाहीस.’

‘अहो, पण पाहुणे आहेत म्हणालात नं? कोण आहेत?’

‘आहेत एक, जुने रेडिओवाले. नुसतं संगीतावर बोलणं होणार, तू कंटाळशील.’

ती टेबल पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, ‘मी आतच बसेन की. मी काही टाळी नाही वाजवणार हो,’ आणि हसली. त्यानेही हसून दिलं. रविवारी तिने कॉफी थर्मासमध्ये भरली, बिस्किटं मांडली, खुर्च्यांवर धुतलेले अभ्रे घातले, फोटोच्या काचेवरून रोजच्यासारखं फडकं फिरवलं आणि गेली.

म्हातारा आला तो सुनेच्या हाताला धरून. सून म्हणाली, तासाभराने गाडी घेऊन येते. मास्तर आणि वकील उठून उभे राहिले ते बराच वेळ बसेचनात. चष्मेवाल्याने ठरवलं होतं की आज गप्पाच मारायच्या, रेकॉर्डला हातच लावायचा नाही. गप्पा झाल्याही. काचेच्या क्लबबद्दल विचारलं तर म्हातारा म्हणाला, ‘चांगला होता की, जेवण द्यायचे.’ इस्त्रीच्या रुमालवाल्या सॅक्सोफोनवाल्याबद्दल म्हणाला, ‘फार मोठा माणूस हो. मला त्याच्या साथीला बसायची छाती नव्हती.’ मास्तर हळूच खिशातून चष्मा काढून पुसायला लागले. चष्मेवाल्याला आपली एकेक वीट निघताना ऐकू येत होती, पण तो मान डोलवत होता. आणि मग म्हाताराच म्हणाला, ‘ती रेकॉर्ड लावा की. माझ्याकडे नाहीये ती. घर बदललं तेव्हा गेली कुठेतरी.’

‘सुई जरा खराब आहे,’ चष्मेवाला म्हणाला.

‘हॅ! गेल्या रविवारी तर बरी होती,’ वकील म्हणाला आणि स्वतःच उठून लावायला गेला.

पियानो चालू लागला. म्हातारा मान खाली घालून, बोटं गुडघ्यावर ठेवून ऐकत होता आणि आपलं नाहीच असं त्याचं तोंड होतं. वळण आलं. पियानो थांबला. खुर्ची करकरली. चष्मेवाल्याने वकिलाकडे डोळे वटारून बघितलं, पण वकील आपला सवयीने पुढे झुकलेला, तोंड आधीच पसरलेलं. ‘आता ऐका हं आजोबा, आली, आली, आमच्या वहिनींची टाळी!’

टप. टप. अर्धी.

‘वहिनींची?’ म्हाताऱ्याने मान वर केली.

‘ह्याच्या बायकोची हो! राजाच्या मयतीत...’ वकील थांबला, कारण म्हातारा उभा राहायला धडपडत होता.

‘तुमची बायको? हिरवा स्वेटर? अहो, मग मंगळवारी बोलला का नाहीत?’ आणि मग त्याने सगळं सांगितलं, पाटी कोरी, कोट, टाळी, हिचंच घेतलं ते, आणि मागे पियानो ते वाजवत होताच, ओळखायला कुणाला वेगळे कान लागत नव्हते. वकिलाचं तोंड पसरलेलं तसंच राहिलं, फक्त त्यातलं हसू गेलं. मास्तर चष्मेवाल्याकडे बघतच नव्हते. ते सोफ्यामागे बघत होते.

‘तिसरी मी तोडली,’ चष्मेवाला म्हणाला. ते त्याने आठवडाभर जपून ठेवलेलं होतं. ‘हात मीच धरला तिचा. म्हणजे तो तिसरा स्वर...’

‘तुम्ही?’ म्हाताऱ्याने आपले धुरकट डोळे आवाजाच्या दिशेने फिरवले. ‘का?’

‘चुकीच्या जागी होती म्हणून.’

‘चुकलेलो मी होतो हो,’ म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती हळहळ होती, हरवलेल्या छत्रीबद्दल असते तेवढी. ‘तिसरी पुरी हवी होती मला. पुरी झाली असती तर मला पुढचं आठवलं असतं. अगदी जिभेवर आलं होतं. पुढे जे वाजवलंय नं, ते सगळं नुसतं निभावून नेलंय.’

मग तो परत खाली बसला आणि म्हणाला, ‘मी थांबतो. त्यांना भेटूनच जातो.’ सगळे थांबले. रेकॉर्ड संपून सुई खरखरत होती, ती कुणी उचलली नाही. चष्मेवाला घड्याळाकडे बघत होता आणि मनातल्या मनात ताईला सांगत होता, थांबव तिला, अजून एक कप दे, माहेरचं काहीतरी उकरून काढ. खाली हॉर्न वाजला. सून वर आली, म्हणाली की पार्किंग नाही, रस्ता अडलाय, मी गाडी वळवते, तुम्ही उतरा हळूहळू. म्हातारा दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, ‘त्यांना सांगा हं. विसरू नका.’

‘सांगतो नं,’ चष्मेवाला म्हणाला. त्याने त्याला जिन्यापर्यंत सोडलं आणि परत येऊन दार लावलं.

थोड्या वेळाने बायकोच आली. गाल थंडीने लाल, हातात ताईने दिलेली पिशवी. ‘जिन्यातला दिवा गेलाय पुन्हा,’ ती म्हणाली. ‘एक आजोबा कठड्याला धरून उभे होते बिचारे, काही दिसत नव्हतं त्यांना. हाताला धरून खाली सोडून आले. गाडीत बसेपर्यंत हात सोडेनात, म्हणाले, फार ऊब आहे हो तुमच्या हाताला.’ तिने स्वतःच्याच हाताकडे बघितलं. ‘कुठेतरी बघितल्यासारखे वाटले. आपल्याकडे आले होते का? कोण होते?’

मास्तरांनी तोंड उघडलं. चष्मेवाल्याने त्यांच्याकडे बघितलं, नुसतं बघितलं, त्यांनी आणलेल्या रेकॉर्डवरून सुई उचलताना बघितलं होतं तसं. मास्तरांनी गार झालेली कॉफी उचलली आणि पिऊन टाकली. वकील बुटांचे बंद बांधायला खाली वाकला तो वर येईना.

‘असेल कुणीतरी,’ चष्मेवाला म्हणाला. ‘वरच्या मजल्यावरच्यांकडचा.’

ती कप गोळा करायला लागली. फोटोखालून जाताना जराशी थांबली, मान तिरपी करून, काचेवर फडक्याची रेघ राहिलीय का बघत असल्यासारखी. मग म्हणाली, ‘आणि तुमचे ते पाहुणे? खूश झाले का? माझी टाळी ऐकवलीत की नाही त्यांना?’

‘ऐकवली.’

‘मग? हसले?’

‘खूप हसले,’ चष्मेवाला म्हणाला.

तीही हसली. दोनदा नीट हसली, आणि तिसऱ्यांदा हसता हसता मध्येच थांबली. ती नेहमी तशीच हसायची. त्याला ते आज पहिल्यांदा ऐकू आलं.